फ्री फॅमिली ड्रॉप-इन सेंटरचा रिव्ह्यू: ४ स्टार, त्यातला एक फक्त दाराजवळच्या बोर्डाला

आधीच सांगतो, पाचपैकी चार देतोय, आणि मागच्या वर्षी विचारलं असतंत तर तीनसुद्धा जिवावर आले असते. मधल्या काळात जागा तीच, माणसं जवळपास तीच, खेळणीपण बरीचशी तीच, बदललं काय तर यांनी येणाऱ्या लोकांना विचारायची पद्धत बदलली. त्यामुळे हा रिव्ह्यू सेंटरचा कमी आणि त्यांच्या फीडबॅकचा जास्त होणार आहे, ज्यांना फक्त कधी जावं आणि काय न्यावं एवढंच पाहिजे त्यांनी सरळ खाली जा, राग नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ड्रॉप-इन म्हणजे पाळणाघर नाही. पोराला सोडून कल्टी मारता येत नाही, आई, बाबा, आजी, आजोबा, जो कोणी घेऊन आलाय त्याने तिथेच थांबायचं. अपॉइंटमेंट नाही, ॲडमिशन नाही, फी नाही, उघडं असेल तेव्हा या, वीस मिनिटं बसा नाहीतर बंद होईपर्यंत बसा. एक मोठा हॉल आहे, रांगणाऱ्यांची मॅट वेगळी, पळणाऱ्यांचा भाग वेगळा, पुस्तकांचा कोपरा, रंगाचं टेबल, आणि शेवटी सगळे गोल बसून गाणी. अधूनमधून नर्स येतात, वजन-उंची बघतात, झोपत नाही, बोलायला उशीर होतोय असं काही कोणी विचारलं तर शांतपणे ऐकून घेतात. पण माझ्या मते खरा फायदा पोरांपेक्षा मोठ्यांना होतो, दिवसभर दोन वर्षांच्या माणसाशी एकट्याने बोलून डोकं आउट झालेलं असतं आणि इथे तसंच डोकं आउट झालेलं आणखी कोणीतरी भेटतं, बस.

आता मुद्द्यावर येतो. माझं पोटच सर्व्हेच्या आकड्यांवर चालतं, ऑफिसात दिवसभर लोकांनी भरलेले फॉर्म साफ करत बसतो, त्यामुळे कुठेही फीडबॅक फॉर्म दिसला की माझी नजर आधी तिकडे जाते, बायको यावरून मला खूप बोलते.

तर यांचा जुना फॉर्म. दोन पानी, पाठपोट छापलेला, महिन्याच्या शेवटी मिळायचा, आणि वेळ कुठली तर निघायची. म्हणजे एका हातात पोर, पोराच्या एका पायात बूट, दुसरा बूट दुसऱ्याच कोणाच्या तरी पोराच्या तोंडात, आणि ताई हसत हसत क्लिपबोर्ड पुढे करतायत, 'दोनच मिनिटं हं दादा'. आणि फॉर्म भरेपर्यंत त्या तिथेच उभ्या. वर नावपण लिहायचं. आता ज्या ताईंनी अर्ध्या तासापूर्वी तुमच्या पोराची उलटी पुसलीय त्यांच्या देखत तुम्ही 'असमाधानी'वर टिक करणार का, कोणीच करत नाही. सगळे 'अतिशय समाधानी'च्या रकान्यावरून वरून खाली एक रेघ ओढून मोकळे. ऑफिसात असे एकाच रकान्यात सगळी उत्तरं असलेले फॉर्म आले की आम्ही ते बाजूला काढतो, इथे त्याचाच रंगीत पोस्टर करून भिंतीवर लावला होता, पालक समाधानी म्हणून.

ते पाच पर्यायवालं स्केल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, रेन्सिस लायकर्ट नावाच्या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने १९३२ मध्ये ते मांडलं आणि आजही अर्ध्या जगाचे सर्व्हे त्याच्यावर चालतात. पण कोण विचारतंय, कोणासमोर विचारतंय आणि कुठल्या क्षणी विचारतंय यावर उत्तर बदलतं हो. आमच्या लाइनमध्ये त्याला सोशल डिझायरेबिलिटी बायस म्हणतात, समोरच्याला बरं वाटेल असंच उत्तर माणूस देतो. फुकटच्या सर्व्हिसला तर जास्तच, कारण 'फुकट मिळतंय त्यात काय खोट काढायची' हे प्रत्येकाच्या मनात असतं.

प्रश्नपण नमुनेदार होते. 'कर्मचारी प्रेमळ व तत्पर आहेत का?' प्रेमळ आहेत, तत्पर नाहीत, आता टिक कुठे करू. एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबले की उत्तराचा काहीच उपयोग राहत नाही, हे सर्व्हेच्या पहिल्या धड्यात शिकवतात. दुसरा प्रश्न, 'येथे येऊ लागल्यापासून मुलाच्या विकासात फरक जाणवला का?' अहो दोन वर्षांचं पोर आहे, कपाटात कोंडून ठेवलं तरी सहा महिन्यांत फरक जाणवेल. आणि सगळ्यात वर 'आईचे नाव'. फक्त आईचं. मी दर वेळी ते खोडून बाबा लिहायचो, कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

मध्ये त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल घेऊन पाहिला, तो तर आणखी गमतीदार. कोणी काय दाबलं ते सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे पहिल्या तीन-चार जणींनी जे दाबलं तेच बाकीच्यांनी दाबलं. शिवाय ग्रुपवर असतं कोण, तर जे नेहमी येतात ते. एकदा येऊन परत न आलेला माणूस त्या ग्रुपवर असणारच कशाला, आणि खरं उत्तर तर त्याच्याकडे होतं.

मग नवीन इन्चार्ज मॅडम आल्या आणि त्यांनी पहिलं काम काय केलं तर तो फॉर्म बंद केला. बदली दुसरा फॉर्म नाही आणला, हे मला फार आवडलं. दारापाशी एक बोर्ड लावला आणि त्यावर आठवड्याला एकच प्रश्न. पहिला प्रश्न अजून आठवतोय, 'आज इथे कुठे अडलं?' आवडलं का नाही, समाधानी का नाही, सरळ अडलं कुठे. खाली चार-पाच पर्याय, आत शिरताना, बसायला, बाथरूम, गर्दी-आवाज, आणि एक मोकळी जागा. आपण फक्त गोल स्टिकर चिकटवायचा, नाव नाही गाव नाही.

आता स्टिकर आणि दोन-तीन वर्षांची पोरं एका खोलीत ठेवली की काय होतं ते तुम्हाला माहितीये. बोर्ड पोरांच्या उंचीवर होता, एकाने सगळे स्टिकर सोलून बाथरूमच्या रकान्यात लावले, काही स्वतःच्या पोटावर लावले. बाथरूम त्या आठवड्यात दणदणीत मतांनी जिंकलं. मग कोणीतरी म्हणालं बरण्या ठेवू आणि बटणं टाकू, तर नर्सबाईंनी तिथल्या तिथे हाणून पाडलं, आणि बरोबर केलं. खेळण्यांच्या सेफ्टी टेस्टमध्ये ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात, साधारण लहान मुलाच्या घशाच्या मापाचं, तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग त्यात पूर्ण मावला तर ते खेळणं फेल. शर्टाचं बटण तर त्यात मूठभर मावेल. शेवटी आला लाकडी ठोकळा, चांगला मुठीएवढा, येताना हातात एक मिळतो आणि जाताना चार खोक्यांपैकी एकात टाकायचा. पोरांनाच टाकायला द्यायचा म्हणजे त्यांनापण काम होतं आणि निघतानाची रडारड कमी होते. हा साइड इफेक्ट कोणी प्लॅन केला नव्हता पण माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा तोच ठरला.

पण ठोकळ्याने कळतं ते कुठे अडलं, का अडलं ते नाही. त्यासाठी त्यांनी येणाऱ्या पालकांमधलेच काही जण तयार केले. स्टाफ नाही, आपल्यातलेच. ते मॅटवर शेजारी बसून गप्पांच्या ओघात विचारतात, लिहून नंतर घेतात, आणि हे सेंटरसाठी विचारतोय, नाव येणार नाही, नको असेल तर सोडून द्या, असं आधीच सांगतात. त्यांचा एक प्रश्न मला इतका आवडला की मी ऑफिसातपण वापरायला लागलोय, 'मागच्या वेळी इथून गेल्यावर घरी काय सांगितलंत?' आवडलं का म्हटलं की माणूस हो म्हणतो, घरी काय सांगितलं म्हटलं की खरं बोलतो. एका आजींनी सांगितलं म्हणे, 'मी घरी सांगितलं की सगळं छान आहे पण मी परत जाणार नाही, मला जमिनीवरून उठता येत नाही.' पूर्ण हॉलमध्ये मोठ्या माणसाच्या उंचीची खुर्ची नव्हती, सगळं बुटकं नाहीतर मॅट. नातवंडांना घेऊन किती आजी-आजोबा येतात ते सगळ्यांना दिसत होतं आणि तरी खुर्ची कोणाला सुचली नव्हती. आता हाताच्या टेकूवाल्या खुर्च्या आल्यात, मीपण बसतो, गुडघे माझेपण काही विशीतले नाहीत.

यातून जी सगळ्यात मोठी गोष्ट बाहेर आली ती मात्र ऐकायला कडू होती. नव्याने आलेल्या बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं, इथे आमच्याशी कोणी बोललं नाही. म्हणजे बघा, नेहमीच्या बायकांचा एक घोळका खिडकीखाली बसायचा, चांगल्या आहेत सगळ्या, मनाने वाईट कोणीच नाही, पण त्या एकमेकींच्या सुखदुःखात इतक्या बुडालेल्या की नवीन कोणी आलं तर पोराला कुशीत धरून भिंतीपाशी उभं राहायचं, फोन बघायचं आणि निघून जायचं. पुरुष असेल तर आणखीनच, त्याच्याकडे तर लोक असं बघायचे की हा कोणाला न्यायला आलाय. आणि जुना फॉर्म भरणारं कोण, तर खिडकीखालचा घोळका. त्यांना विचारा वातावरण कसं आहे, त्या म्हणणार घरच्यासारखं. खोटं नाही, त्यांच्यासाठी होतंच घरच्यासारखं.

मॅडमनी हे हाताळलं कसं ते बघण्यासारखं होतं. कोणाला बोलल्या नाहीत, नोटीस लावली नाही. खिडकीखालच्या बैठका उचलून हॉलभर विखुरल्या, आणि त्याच घोळक्यातल्या बायकांना विचारलं की रोज एकीने नवीन येणाऱ्याला जागा दाखवायची, बाथरूम दाखवायचं आणि पहिली दहा मिनिटं सोबत बसायचं, कराल का. आनंदाने तयार झाल्या. कुरकुर झालीच, एक जण माझ्यासमोरच म्हणाल्या की 'आता आम्ही बोलायचंपण नाही का', आणि त्यांचंही पूर्ण चूक नाही, त्यांच्यासाठी तो घोळकाच तर आधार होता. म्हणून गाण्यांच्या आधीची वेळ त्यांच्या गप्पांना तशीच ठेवलीय. माझ्या मते हा तोडगा बराचसा लागू पडलाय, भिंतीपाशी उभी राहणारी माणसं आता मला फारशी दिसत नाहीत.

पोरांना कसं विचारायचं हा वेगळाच विषय. ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस या दोघांनी २००१ च्या सुमाराला मोझॅक अप्रोच म्हणून एक पद्धत मांडली, लहान मुलांच्या हातात कॅमेरा द्यायचा, त्यांना म्हणायचं चला आम्हाला तुमची जागा फिरवून दाखवा, त्यांचं खेळणं नुसतं बघायचं, आणि हे सगळे तुकडे जोडून त्यांना काय म्हणायचंय ते समजून घ्यायचं. इथे तीन-चार वर्षांच्या पोरांसोबत साधारण तसंच केलं, जुना फोन दिला फोटो काढायला. माझ्या मुलीने काढलेल्या फोटोंत खेळणी जवळपास नव्हतीच, बूट होते, हात धुवायच्या बेसिनची खालची बाजू होती, आणि दाराची फट होती, एकाच फटीचे ढीगभर फोटो. ताईंनी ते हसण्यावारी नाही नेलं. बेसिनच्या खालची बाजू का, तर पोरांना वरची दिसतच नाही, नळापर्यंत हात पोचत नाही. पायरी ठेवली. दाराची फट का, तर गेलेला माणूस तिथून परत येतो म्हणून म्हणे पोरं तिकडे बघत बसतात, आता हे खरं असेल किंवा माझी मुलगी नुसती भोचक असेल.

एकदम छोट्यांसाठी त्यांनी आणखी साधं केलं. हॉलचा नकाशा कागदावर काढला आणि एका पोरावर नजर ठेवून ते कुठून कुठे जातं त्याची पेन्सिलने रेघ ओढत गेले, अशी बऱ्याच पोरांची. सगळे कागद एकावर एक धरले तर पुस्तकांचा कोपरा कोरा. पुस्तकं वाईट नव्हती, कोपरा दाराच्या वाटेवर होता, टेकून बसलं की कोणीतरी ओलांडून जायचं. कपाट आतल्या भिंतीला सरकवलं, खाली जाड गादी टाकली, आता तिथे जागा मिळत नाही. एक रुपया खर्च नाही, म्हणजे तसे गादीचे गेले असतील, पण फॉर्म छापण्यापेक्षा कमीच.

आणि आता दाराजवळचा तो दुसरा बोर्ड ज्याला मी अख्खा एक स्टार दिलाय. 'तुम्ही म्हणालात, आम्ही केलं' असे बोर्ड बऱ्याच ठिकाणी असतात, त्यात नवीन काही नाही. यांच्या बोर्डाला तिसरा रकाना आहे, 'जमणार नाही, कारण'. आणि कारण खरंखुरं लिहिलेलं असतं. सुट्टीच्या दिवशी उघडा, तर जमणार नाही, कारण एका वेळी स्टाफचे दोघं लागतातच आणि तेवढी माणसं नाहीत. मोठ्या भावंडांना येऊ द्या, तर पूर्ण वेळ नाही, कारण सात वर्षांचा पळायला लागला की रांगणाऱ्याच्या बोटांवर पाय पडतो, पण गाण्यांच्या वेळेला चालेल. काय काय मागण्या येतात वाचायला मजा येते आणि नाही म्हटल्याचा राग येत नाही, राग येतो तो चिठ्ठी टाकून महिनोन् महिने काहीच कळलं नाही की. तसं झालं की माणूस दुसऱ्यांदा चिठ्ठी टाकत नाही, आणि तुम्हाला वाटतं तक्रारीच संपल्या.

आता पाचवा स्टार का नाही.

पहिलं म्हणजे जे एकदा येऊन गेले ते अजूनही निसटतायत. नव्यांशी बोलतात ते ठीक, पण परत न येण्याचं कारण माणसाला घरी गेल्यावर कळतं. यावर उपाय म्हणून पहिल्या भेटीला फोन नंबर घ्यावा का यावरून बरीच चर्चा झाली आणि मी घेऊ नये या बाजूचा. पॅरिसमध्ये फ्रांस्वाज डोल्टो आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७९ मध्ये मेझों व्हर्ट नावाचं असंच सेंटर सुरू केलं, तिथे फक्त मुलाचं पहिलं नाव फळ्यावर लिहायचे, आडनाव नाही, पत्ता नाही, फाइल नाही. काहीच नोंद होणार नाही म्हटल्यावर जी माणसं कुठल्याच ऑफिसात जात नाहीत तीपण आत येतात. पण मग हीच माणसं गेली की गेली, शोधायची कुठे. इथे सध्या मधला मार्ग काढलाय, निघताना एक कार्ड देतात, त्यावर एकच प्रश्न आणि नाव न देता उत्तर पाठवायची लिंक, वाटलं तर पाठवा. बरं आहे, पण ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा लिहिताच येत नाही त्यांचं काय. आवाजात रेकॉर्ड करून पाठवायची सोय करा म्हणून मी चिठ्ठी टाकलीय, अजून तिन्ही रकान्यांत कुठेच आलेली नाही, बघू.

दुसरं, विचारतात भरपूर पण ठरवतं कोण. शेरी आर्न्स्टाइन या अमेरिकन बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या होत्या, त्यात नुसतं मत विचारणं खालून चौथ्या पायरीवर येतं, आणि विचारून झाल्यावर निर्णय दुसरेच घेणार असतील तर ते दाखवण्यापुरतंच असतं असं त्यांचं रोखठोक म्हणणं. खुर्च्या, गादी, पायरी इथपर्यंत आमचं चालतं, पण कुठल्या दिवशी उघडायचं, पैसे कशावर घालवायचे, यात आमचं कोणी नव्हतं. आत्ता कुठे कमिटीत दोन पालक घेतलेत. दोघीही खिडकीखालच्याच आहेत, हे सांगायलाच पाहिजे. एखादा बाबा, एखादी आजी घेतली असती तर काय बिघडलं असतं.

तिसरं, बाथरूम. लंगोट बदलायचं टेबल एकाच बाथरूममध्ये आहे आणि ते बायकांचं. पोरांनी स्टिकर लावून सांगितलं, मोठ्यांनी ठोकळे टाकून सांगितलं, बोर्डावर मधल्या रकान्यात 'काम चालू' असं लिहून खूप दिवस झाले. मी अजूनही मुलीला घेऊन बाहेर उभा राहतो आणि आतून कोणी बाई येईपर्यंत वाट बघतो.

बाकी जाणार असाल तर उघडल्या उघडल्या जा, नंतर गर्दी होते आणि रंगाच्या टेबलापाशी नंबर लागत नाही. मोजे न्या, आत बूट चालत नाहीत, कपड्यांचा एक जास्तीचा जोड न्या कारण ॲप्रन आहेत पण पोरं घालून घेत नाहीत. बाबागाडी बाहेरच्या छपराखाली ठेवायची, तिला काहीतरी ओळखीचं बांधा, सगळ्यांच्या गाड्या सारख्याच दिसतात. आणि बाबा लोकहो, आठवड्याच्या मधल्या दिवशी या, तेव्हा आम्ही तीन-चार जण तरी असतो.